हेडफोन काढून वाजवा: इलेक्ट्रॉनिक ड्रमकिट घेण्याआधीची चाचणी

माझं पहिलं इलेक्ट्रॉनिक ड्रमकिट घरी आलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. चिडलेल्या नव्हत्या, काळजीत होत्या. "अहो, रोज रात्री तुमच्याकडे कांडतं कोण? मसाला घरीच करता का?"

मी हेडफोन लावून वाजवत होतो. माझ्या कानात झकास ड्रम वाजत होते आणि त्यांच्या छतातून फक्त किकच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या, पेडलचे ठोके उतरत होते. धप, धप-धप, धप.

दुकानात मी ते किट वाजवून बघितलं नव्हतं असं नाही. चांगली वीस मिनिटं बसलो होतो. पण ती सगळी वीस मिनिटं कानाला हेडफोन होते आणि हात मॉड्यूलच्या, म्हणजे आवाज तयार करणाऱ्या डब्याच्या, बटणावर. हे किट रॉकचं, हे जॅझचं, हे मोठ्या हॉलमधलं. म्हणजे मी आवाज तपासले, वाद्य तपासलंच नाही. आवाज ही या वाद्यातली सगळ्यात सहज बदलता येणारी गोष्ट आहे. उद्या यूएसबी केबलने किट कॉम्प्युटरला जोडलं की हवे ते आवाज मिळतात. पॅडची उसळी, हाय-हॅटचं (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीचं) पेडल, किकचा धक्का आणि रॅकची, म्हणजे सगळं पेलणाऱ्या नळ्यांच्या सांगाड्याची, डगमग मात्र पैसे मोजल्याशिवाय बदलत नाही. त्यामुळे दुकानात अर्धा तास मिळणार असेल, तर त्यातली पाच मिनिटं आवाजांना द्या आणि बाकीची हातापायांना.

घरून निघताना

आधी टेप घेऊन जागा मोजा. लहान किट साधारण चार बाय चार फुटांत उभं राहतं, पण मागे स्टूल, तुम्ही आणि तुमची कोपरं असतात. पाच बाय पाच धरा. कपाटाचं दार उघडतं का, बाल्कनीत जाता येतं का, हेही बघून ठेवा. घरच्यांची पहिली हरकत तिथूनच येते.

बरोबर स्वतःच्या स्टिक घ्या. अजून नसतील तर फाइव्ह-ए मापाची साधी लाकडी जोडी विकत घ्या, ती पुढेही कामाला येतेच. दुकानातल्या स्टिकची टोकं बहुधा झिजलेली किंवा फुटलेली असतात आणि फुटक्या टोकाने पॅडवरची जाळी, म्हणजे मेश, फाटते, त्यामुळे दुकानदारही तुमच्याकडे जरा आदराने बघतो. हेडफोन वायरचे, कान पूर्ण झाकणारे आणि स्वतःचे न्या. ब्लूटूथचे नकोत, त्यांत आवाज मागून येतो. बऱ्याच मॉड्यूलना जाड, म्हणजे ६.३ मिलिमीटरची पिन लागते आणि तुमच्या हेडफोनला ३.५ ची असते. तो छोटा अडॅप्टर खिशात टाका.

आणि निघण्याआधी फोन करा. "अमुक मॉडेल जोडून ठेवलंय का?" हाच प्रश्न विचारा. "आहे का?" विचारलंत तर "आहे" म्हणतील, आणि ते खोक्यात असेल. मुंबईत धोबी तलावच्या फुर्टाडोससारख्या जुन्या वाद्यांच्या दुकानात किंवा पुण्या-नाशकातल्या मोठ्या दुकानांत एक-दोन मॉडेल मांडलेली सापडतात. तालुक्याच्या गावी बहुतेक ठिकाणी ऑक्टापॅडच दिसेल. अशा वेळी ते मॉडेल ज्याच्याकडे आहे असा एखादा शिक्षक किंवा वाजवणारा शोधून त्याच्या घरी तासभर बसणं हे दुकानापेक्षाही बरं. जायचंच तर कामाच्या दिवशी दुपारी जा. रविवारी संध्याकाळी मागे चार मुलं रांगेत उभी असतात आणि हलके स्ट्रोक ऐकूच येत नाहीत.

ऑक्टापॅडचा विषय निघालाच आहे, तर एक आडवळण. रोलंड कंपनीने हे आठ पॅडचं वाद्य १९८५ साली आणलं आणि आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रा-बँजो पार्ट्यांत ते इतकं मुरलं की ते एका मॉडेलचं नाव न राहता वाद्यप्रकाराचंच नाव झालं. तुम्हाला भजनात, जागरण-गोंधळात किंवा वाद्यवृंदात ढोलकी-दिमडीचे आवाज काढायचे असतील, तर तुम्हाला ड्रमकिट नकोच आहे. ऑक्टापॅड घ्या आणि उरलेल्या पैशात चांगला स्पीकर बघा. ज्याला पाय वापरून ड्रम शिकायचे आहेत, त्याच्यासाठी पुढचं सगळं.

बसा आणि आधी काहीच वाजवू नका

स्टूलची उंची तुमच्यासाठी करून घ्या. मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती असावी. मग स्नेअर (गुडघ्यांमधला मुख्य ड्रम), टॉम (बाकीचे ड्रम) आणि झांजा हाताच्या टप्प्यात आणा. दुकानदाराला संकोचून विचारू नका, दोन विंगनट सैल करायला अर्धा मिनिट लागतो. दुसऱ्याच्या मापाच्या किटवर बसून केलेली चाचणी दुसऱ्याच्या चपला घालून चालून बघण्यासारखी असते. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी घेत असाल तर मुलालाच बसवा. स्टूल सगळ्यात खाली घेऊन दोन्ही पाय पेडलवर पूर्ण टेकतात का, आणि तेव्हा स्नेअर पोटाच्या वर तर येत नाही ना, बघा.

दुसरी विनंती: मॉड्यूल फॅक्टरी रीसेट करून द्या. मांडलेल्या किटवर दिवसभर येणारे-जाणारे सेटिंग बदलत असतात. कुणीतरी पॅडची संवेदनशीलता वाढवून ठेवलेली असते, मग हलका स्पर्शही तोफेसारखा येतो आणि तुम्हाला वाटतं पॅड भारी आहे.

हेडफोन न लावता दोन मिनिटं

आता आवाज पूर्ण बंद करा आणि एक साधा ठेका वाजवा. शेजाऱ्यांना जे ऐकू येणार ते हेच.

रबराचे पॅड 'टक-टक' असा कोरडा आवाज करतात. जाळीचे, म्हणजे मेशचे, पॅड बरेच शांत असतात. हे जाळीचं तंत्र रोलंडने रेमो या ड्रमहेड बनवणाऱ्या कंपनीबरोबर १९९७ च्या टीडी-१० किटमध्ये आणलं. तेव्हा ती महागड्या किटची चैन होती, आज अलेसिस नायट्रोसारख्या सुरुवातीच्या किटमध्येही मेश मिळते. त्यामुळे आजच्या घडीला रबराचा स्नेअर असलेलं नवं किट घ्यायला काही खास कारण हवं. यामाहाच्या काही किटमध्ये सिलिकॉनचे पॅड असतात, त्यांचा स्पर्श वेगळा. काहींना तो मेशपेक्षा जास्त आवडतो. मेश इतकी उसळी देते की हात आळशी होतो, अशी त्यांची तक्रार असते आणि तिच्यात तथ्य आहे. झांजा मात्र जवळपास सगळ्या रबराच्याच असतात. मेश किटमध्ये वरचा सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच.

पण खरी मेख पायात आहे. पॅडचा आवाज हवेतून जातो, तो दार लावल्यावर कमी होतो. किकचा धक्का लाद्यांतून स्लॅबमध्ये जातो आणि त्याला दार नसतं. दुकान तळमजल्यावर असेल तर तो धक्का तिथे कळत नाही. म्हणून बरोबरच्या माणसाला किकच्या टॉवरपासून, म्हणजे किकचं पॅड धरणाऱ्या खांबापासून, हातभर अंतरावर जमिनीवर तळवा टेकवायला सांगा आणि तुम्ही जोरात चार ठोके द्या. मग शेजारच्या मॉडेलवर तेच करा. फरक तळव्याला लगेच कळतो.

पेडलचे दोन प्रकार दिसतील. एकात खरं पेडल आणि त्याचा हातोडीसारखा बीटर टॉवरवरच्या पॅडवर आपटतो. दुसऱ्यात बीटरच नसतो, पेडल दाबलं की आत स्विच किंवा सेन्सर. दुसरा शांत, पण खऱ्या किकचा भार आणि बीटरचं परतणं त्यात कळत नाही. क्लासमध्ये अकूस्टिक, म्हणजे खऱ्या ड्रमच्या, किटवर शिकणाऱ्या मुलाचा पाय त्यावर वेगळंच काही शिकतो. माझं मत विचाराल तर बीटरवालं घ्या आणि खाली टेनिस बॉलचा मंच करा: प्लायचे दोन तुकडे आणि मध्ये भोकांत बसवलेले बॉल. काकूंची तक्रार माझ्याकडे त्यानेच मिटली. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी किटच्या किमतीत प्लाय आणि वीसेक बॉलचा खर्च आधीच धरावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण सोसायटीत डेसिबल मोजायला कुणी येत नाही, सेक्रेटरी येतो.

स्नेअरवर दहा मिनिटं

आता हेडफोन लावा. साधं, गाजावाजा नसलेलं एखादं अकूस्टिक किट निवडा आणि पुढची सगळी चाचणी त्याच एका किटवर करा. झंकार असलेल्या आवाजात दोष लपतात. रीव्हर्ब, म्हणजे घुमण्याचा परिणाम, बंद करता येत असेल तर तोही करा.

स्टिकचं टोक पॅडच्या बोटभर वर धरून हलकेच सोडा. आवाज आला का? मग दोन बोटं, चार बोटं, वीत, खांद्यापासून. या शिडीत तुम्हाला किती वेगळ्या पायऱ्या ऐकू येतात ते मोजा. मिडीच्या, म्हणजे वाद्य आणि कॉम्प्युटर यांच्यातल्या सांकेतिक भाषेच्या, हिशोबात जोराच्या १२७ पातळ्या असतात, पण स्वस्त किटमध्ये कानाला हलका, मध्यम आणि जोरात असे तीन-चारच कप्पे कळतात आणि त्यांच्यामधली उडी खटकते. कागदावरच्या आकड्याचा इथे उपयोग नाही, कानावर भरवसा ठेवा.

चार मात्रांच्या ठेक्यात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जोरात स्नेअर आणि मधल्या जागी अगदी पुसट, फक्त जाणवतील असे स्ट्रोक वाजवा, ज्यांना घोस्ट नोट म्हणतात. ते पुसट स्ट्रोक मधूनच गायब होत असतील तर पॅड किंवा मॉड्यूल कमी पडतंय. तुम्हाला हे वाजवता येत नसेल तर शिक्षकाला बरोबर न्या. चहा-वडापावच्या खर्चात तुमचे हजारो रुपये वाचतील.

मग रोल. डाव्या-उजव्या हाताने दोन-दोनचे स्ट्रोक, हळू ते जलद. दोन गोष्टी ऐकायच्या. एक, प्रत्येक स्ट्रोकला तोच तो छापील आवाज येऊन मशिनगनसारखा तडतडाट होतोय का. चांगलं मॉड्यूल लागोपाठच्या स्ट्रोकना थोडे थोडे वेगळे आवाज देतं. दोन, काही स्ट्रोक गळतायत का, किंवा उलट एका ठोक्याला दोन आवाज येतायत का. हे दोन दोष जुळे भाऊ आहेत. एकाच ठोक्याचे दोन आवाज टाळायला मॉड्यूल प्रत्येक ठोक्यानंतर क्षणभर कान बंद करतं, आणि तो क्षण जास्त लांबवला की खरे जलद स्ट्रोकही बुडतात. सेटिंगमध्ये थोडं इकडेतिकडे करता येतं, पण रीसेट केलेल्या मॉड्यूलवर साधा रोल जमत नसेल तर घरी जाऊन तो जमेल अशी आशा धरू नका.

आता सारख्याच जोराने वाजवत मध्यापासून कडेपर्यंत या. बऱ्याच पॅडमध्ये सेन्सर बरोबर मध्यभागी असतो आणि तिथे ठोका पडला की आवाज अचानक चढतो. थोडा चढ चालतो. पण मध्ये गर्जना आणि दोन इंच बाजूला कुजबुज असेल, तर तुमचा हात नकळत मध्य टाळायला शिकेल आणि ही सवय खऱ्या ड्रमवर महागात पडते.

शेवटी कड. रिमशॉट, म्हणजे पॅड आणि कड एकदम मारलेला ठोका, वाजतो का? स्टिक आडवी ठेवून कडेवर 'टक' असा क्रॉस-स्टिक मिळतो का? संथ भावगीताच्या साथीला तोच आवाज लागतो, आणि काही स्वस्त किटमध्ये स्नेअरला कडेचा सेन्सरच नसतो. काहींत असतो पण रिमशॉट आणि क्रॉस-स्टिक एकाच आवाजाला जोडलेले असतात, त्यांच्यात निवड करावी लागते.

हे सगळं करताना जाळी सैल वाटली तर लगेच नापास करू नका. मांडलेल्या किटची मेश बहुधा कुणी ताणलेलीच नसते. ड्रम-की, म्हणजे बोल्ट आवळायची किल्ली, मागा, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा आणि परत वाजवा.

हाय-हॅट: इथेच किंमत कळते

दोन किटच्या किमतीत मोठा फरक का आहे, हे कळायचं असेल तर हाय-हॅटचं पेडल दाबून बघा. सुरुवातीच्या किटमध्ये झांज एका दांड्यावर स्थिर असते आणि पेडल खाली वेगळंच पडलेलं असतं. वरच्या किटमध्ये झांज खऱ्या स्टँडवर असते आणि पायाबरोबर हलते. पहिल्या प्रकारावर शिकता येतं, पण पुढचं एवढं बघा.

उजव्या हाताने सलग वाजवत राहा आणि डावा पाय अगदी सावकाश, दहा मोजत, दाबत जा. 'झ्झ्झ' पासून 'टिक' पर्यंतचा प्रवास ऐका. मध्ये निदान दोन-तीन टप्पे यायला हवेत. उघडा आणि बंद एवढंच येत असेल तर ते पेडल म्हणजे दिव्याचं बटण आहे. मग हात न लावता नुसत्या पायाने 'चिक' वाजतो का ते बघा. आणि पेडल पुढे सरकतं का? गुळगुळीत लादीवर सरकणारं पेडल पाच मिनिटांत डोक्यात जातं. घरी जाड गालिचा टाकून ते थांबतं, पण मग तो गालिचा आहे का घरी?

क्रॅश (जोरात मारायची झांज) आणि राइड (ठेका धरायची झांज) यांना कमी वेळ पुरतो. क्रॅश मारून कड चिमटीत धरली की आवाज तुटायला हवा. राइडच्या मधल्या फुगवट्यावर वेगळा, घंटेसारखा आवाज येतो का, की सगळीकडे एकच? झांज सगळीकडून वाजते की फक्त तुमच्या बाजूच्या अर्ध्या भागात, हेही फिरवून बघा.

रॅक हलवा

सगळ्यात दूरच्या टॉमवर जोरात, खरोखर जोरात, मारा. क्रॅश आपोआप वाजला? याला क्रॉसटॉक म्हणतात. एका पॅडचा हादरा नळ्यांतून दुसऱ्याच्या सेन्सरपर्यंत जातो. थोडा असेल तर सेटिंगने जातो, पण रॅकच लेचापेचा असेल तर रोजची कटकट. सांधे प्लास्टिकचे की धातूचे, तेही बघून घ्या. दोन-दोन वेळा घर बदलणाऱ्या भाडेकरूंनी तर नक्कीच.

उशीर ऐकण्याची युक्ती

ठोका आणि आवाज यांत किती अंतर पडतं, हे तपासायला उपकरण लागत नाही. हेडफोन एका कानावरून सरकवा. उघड्या कानाला पॅडची खरी 'टक' ऐकू येते, झाकलेल्याला मॉड्यूलचा आवाज. दोन्ही एकच वाटले तर ठीक, दोन वेगळे वाटले तर उठा. आवाज हवेतून एक मीटर यायला साधारण ३ मिलिसेकंद घेतो, म्हणजे खऱ्या ड्रमवरही थोडा उशीर असतोच. मॉड्यूलच्या हेडफोन जॅकवर सहसा अडचण येत नाही. ती येते कॉम्प्युटरला जोडल्यावर: ४४.१ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पलचा बफर (आवाज पुढे पाठवण्याआधीचा साठा) ठेवला की एकट्या बफरचेच ११-१२ मिलिसेकंद होतात. तो दोष किटच्या माथी मारू नका, बफर १२८ वर आणा.

मॉड्यूल आणि वायरी

आता हवे तेवढे आवाज ऐका. त्यापलीकडे मॉड्यूलमध्ये मेट्रोनोम चटकन सुरू करता येतो का, मोबाइलवरचं गाणं आत घेता येतं का आणि ते ठोक्यांपेक्षा वेगळं लहान-मोठं करता येतं का, यूएसबीतून फक्त मिडी जातं की आवाजही, आणि पुढे एखादी झांज जोडायला रिकामं इनपुट आहे का, एवढं बघितलं की पुरे. मागे वायरी कशा जातात तेही वाकून बघा. सगळ्या पॅडच्या वायरी एका जाड जुडग्यात येऊन एकाच प्लगला मिळत असतील तर जोडणी सुटसुटीत होते, पण आतली एक वायर तुटली की अख्खं जुडगं मागवावं लागतं. वेगवेगळ्या वायरी असतील तर एक बदलून भागतं.

हेडफोनचा आवाज किती ठेवून तुम्हाला मजा येते, हेही लक्षात ठेवा. ८५ डेसिबल आठ तास सोसतं असं धरलं, तर दर ३ डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. ९४ वर एक तास. पॅडची टकटक झाकायला आवाज चढवावा लागत असेल, तर दोष हेडफोनचा आहे, जास्त बंदिस्त हेडफोन घ्या.

जुनं घेत असाल तर

वरचं सगळं, आणि शिवाय हे. मेश उजेडासमोर धरा, मध्ये पांढरट पडलेली किंवा भोक असेल तर ती फाटणार, पण ती बदलता येते. मधोमध दाबून बघा, खालचा फोमचा शंकू बसलेला असेल तर मध्यावरचे ठोके विचित्र येतात, तोही मिळतो. झांजेच्या रबराला कडेने चीर असेल तर भाव पाडा किंवा सोडा. प्रत्येक जॅकमधली वायर वाजवतावाजवता हलवा, कर्र झालं की जॅक सैल. अडॅप्टर मूळचाच आहे का ते बघा: व्होल्टेज आणि पिनची धन-ऋण बाजू मॉड्यूलवर छापलेली असते, ती अडॅप्टरशी जुळायलाच हवी. "कोणताही चालतो" म्हणणाऱ्याकडून मॉड्यूलही घेऊ नका.

पैसे देण्याआधी

जाहिरातीतल्या फोटोत दिसणारं सगळं खोक्यात नसतं. स्टूल, किक पेडल आणि स्टिक बऱ्याचदा वेगळे. तेव्हा भाव विचारताना "याच्यात पेडल आणि स्टूल धरून किती?" असं विचारा. किमतीत सूट मिळत नसेल तर स्टूल मागा, ते जास्त सहज सुटतं. वॉरंटी मॉड्यूलची किती, पॅडची किती आणि दुरुस्तीला किट कुठे पाठवावं लागतं, हे बिलावर किंवा कार्डावर लिहून घ्या. सीलबंद खोकं घेत असाल तर दुकानातच उघडून वरच्या चाचणीतली शिडी प्रत्येक पॅडवर एकदा चढा. वीस मिनिटं जातील, दुकानदार घड्याळ बघेल, बघू द्या. आणि जुळणी सोडताना मोबाइलवर मागच्या वायरींचा फोटो काढा, कारण घरी कोणती वायर कोणत्या टॉमची, यावर संध्याकाळ जाते.

ते खोकं आणि थर्मोकोल वर्षभर माळ्यावर ठेवा. दुरुस्तीला पाठवायची वेळ आली तर कुरिअरवाला तेच मागतो.